दीड ग्रॅमचा हिशोब

रोहिणखेडच्या कपाशीच्या शिवारात पोटॅश म्हटले की 50 किलोची गोणी डोळ्यांसमोर येते. त्या गोणीतला क्षार म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. औषधासाठी शुद्ध केलेला हाच क्षार आशाताईंकडच्या ओआरएसच्या पुडीत असतो. लिटरभर पाण्यासाठीच्या 20.5 ग्रॅममध्ये फक्त 1.5 ग्रॅम.

या दीड ग्रॅममध्ये पोटॅशियमचे कण किती? 12 वर 21 शून्ये! पृथ्वीवरची 8 अब्ज माणसे दर सेकंदाला एकेक कण मोजायला बसली, तरी मोजणी संपायला सुमारे 48 हजार वर्षे लागतील.

70 किलोच्या माणसाच्या अंगात साधारण 140 ग्रॅम पोटॅशियम असते. त्यातले 98 टक्के पेशींच्या आत. बाहेरच्या रक्तद्रवात त्याची तीव्रता सुमारे 35 पट कमी. हा फरक राखतो पेशीच्या पडद्यातला पंप. दर फेरीला तो सोडियमचे 3 कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे 2 आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी तो 1957 मध्ये उजेडात आणला. त्यांना 1997 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

या फरकामुळे पडद्याच्या दोन बाजूंत जेमतेम 0.07 व्होल्टचा दाब तयार होतो. पण पडदा मीटरच्या दहा कोटीव्या भागाहूनही पातळ आहे. म्हणजे विद्युतक्षेत्र मीटरमागे तब्बल 1 कोटी व्होल्ट! कोरड्या हवेत ठिणगी पडायला 30 लाख पुरतात. हृदयाचा प्रत्येक ठोका या विजेवर चालतो.

जुलाबात पोटॅशियम वाहून जाते, स्नायू ढिले पडतात, ठोके चुकू लागतात. पुडीतले दीड ग्रॅम आतड्यातून हळूहळू शोषले जाऊन ती तूट भरतात. रुग्णालयातल्या 10 मिलिलिटरच्या अँपूलमध्येही नेमके दीड ग्रॅमच असते. ते पातळ न करता एकदम शिरेत गेले, तर प्रौढाच्या 3 लिटर रक्तद्रवातली पातळी लिटरमागे 4 मिलिमोलवरून 10 च्या पुढे जाते आणि हृदय बंद पडते. म्हणूनच ते सलाइनमध्ये मिसळून, तासन्‌तास थेंबाथेंबाने देतात.

क्षार तोच, वजनही तेच. जीव वाचतो तो पाण्याच्या प्रमाणामुळे आणि वेगामुळे. म्हणून एक लिटरची पुडी अर्धी करू नका, ग्लासभर पाण्यात कालवू नका. अख्खी पुडी, मोजून लिटरभर स्वच्छ पाणी, आणि घोट घोट पाजणे.