अज्जीचा फोटो आणि दोन लेन्स

आमच्या घरात भिंतीवर वडिलांचा जो फोटो आहे, तो ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला आहे. डोळे पुसट, कान धूसर. ते असताना एक धड फोटो काढून ठेवावा, हे कुणाच्या मनात आले नाही. म्हणून आईला ऐंशी पूर्ण होत आली तेव्हा मुलगी म्हणाली, "अप्पा, अज्जीचे फोटो मीच काढणार, पण चांगली लेन्स पाहिजे," आणि मी मुदत ठेव मोडायलाही तयार झालो.

अडचण उजेडाची होती. घर जुने, खिडक्या लहान आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून आईला फ्लॅश सोसत नाही. अशा वेळी 'प्राइम' लेन्स उपयोगी पडते. तिला झूम नसतो, पण तिचे तोंड मोठे उघडते आणि उजेड भरपूर आत येतो.

आपला बीदर जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. राज्य गेले, पण मोठ्या खरेदीला हैदराबाद गाठायची सवय गेली नाही. पहाटेच्या बसने आम्ही बापलेक निघालो आणि कोठीतल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात शिरलो.

दुकानदाराने दोन लेन्स पुढे ठेवल्या. दोन्ही कॅननच्या, दोन्ही ५० मिलिमीटरच्या. एक एफ १.८, वजन १६० ग्रॅम. दुसरी एफ १.२, वजन ९५० ग्रॅम आणि किंमत पहिलीच्या दहापटीहून जास्त! हा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड मोठे. हिशेब केला तर महाग लेन्स सव्वादोन पट उजेड घेते. माझा हात खिशाकडे गेला. आईसाठी कंजुषी कशाला, असे वाटले.

मुलीने मात्र दोन्ही लेन्स आळीपाळीने लावून, मला एका मीटरवर बसवून फोटो काढले. एफ १.२ वर माझा एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर आला. तिच्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर इतक्या जवळून जेमतेम दोन सेंटीमीटर खोलीचा भागच रेखीव येतो. "अप्पा, अज्जी काय पुतळ्यासारखी बसणार आहे का? मला एफ २.८ वरच फोटो काढावे लागणार," ती म्हणाली. आणि २.८ वर दोन्ही लेन्सच्या फोटोंत मला तरी फरक दिसला नाही.

महाग लेन्स वाया जाते असे मात्र नाही. तिची बांधणी भक्कम असते, धूळ आणि पावसाच्या शिंतोड्यांपासून तिला संरक्षण असते, पूर्ण उघडल्यावरही कडेपर्यंत ती चांगली चालते. स्वस्त लेन्सला हे संरक्षण नाही आणि फोकस करताना तिची मोटर कुरकुरते. लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्याला महाग लेन्सचे पैसे सुटतील. आम्हाला ते सुटणार नव्हते. आम्ही स्वस्त लेन्स घेतली.

परतताना मुलीला राजा दीनदयाळांची गोष्ट सांगितली. निजामाच्या या दरबारी छायाचित्रकाराने १८९२ मध्ये हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी खास जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. लेन्स कितीही चांगली असो, समोरचे माणूस मोकळे बसले नाही तर फोटोत चेहरा येतो, माणूस येत नाही, हे त्यांनी ओळखले असावे.

घरी आल्यावर एक गोष्ट कळली. तिच्या कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स ८० सारखी वागते, त्यामुळे स्वयंपाकघरात मुलीची पाठ भिंतीला टेकायची. वाचकहो, लेन्स घ्यायला निघण्यापूर्वी आपली खोली मोजा, म्हणजे ५० घ्यावी की ३५, ते कळेल. तोंडाच्या आकड्याचा विचार त्यानंतर.

आई शेंगा सोलत होती. माहेरची कन्नड, नातीशी ती कन्नडमध्येच बोलते. दहा-बारा फोटो झाल्यावर वर न बघताच म्हणाली, "साकु बिडव्वा." म्हणजे, पुरे कर गं बाई. त्याच क्षणाचा फोटो आम्ही मोठा करून घेतला आहे. हातातली शेंगसुद्धा स्पष्ट दिसते.

मुदत ठेव अजून बँकेतच आहे. वडिलांच्या फोटोला मात्र आता कुठल्याच लेन्सचा उपयोग नाही.