संवाद नसलेली गोष्ट लिहायची कशी? नाशिकच्या फाळक्यांची पटकथा

नाशिककर असाल तर पांडवलेण्यांच्या पायथ्याचं फाळके स्मारक पाहिलंच असेल. दादासाहेब फाळके म्हटलं की आपण 'पहिले दिग्दर्शक' म्हणतो आणि विषय संपवतो. पण हा माणूस आपल्या सिनेमाचा पहिल्या फळीतला पटकथाकारसुद्धा होता. आजचा एपिसोड त्याच फाळक्यांवर.

जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वरचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात. फोटोग्राफी केली, छापखाना चालवला. मग मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि डोक्यात आलं, आपला कृष्ण असा पडद्यावर का नाही? १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ या ब्रिटिश निर्मात्याच्या स्टुडिओत काम बघितलं, कॅमेरा घेतला आणि परतले. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

आता मुद्द्यावर येऊ. मूकपटात पात्रं बोलत नाहीत. मग लेखक काय लिहिणार? तर कोण कुठून येतो, काय करतो, चेहऱ्यावर काय दिसतं, हे सगळं. मध्येमध्ये अक्षरांच्या पाट्या यायच्या. 'राजा हरिश्चंद्र'च्या पाट्या हिंदी आणि इंग्रजीत होत्या. पण वाचता न येणाऱ्या प्रेक्षकाचं काय? इथे फाळक्यांची हुशारी बघा. त्यांनी गोष्टच अशी निवडली, जी लोकांना कीर्तनातून आणि आजीच्या तोंडून आधीच पाठ होती. गोष्ट माहीत असली की पाटी वाचायची गरज कमी. मग सगळा जोर 'दाखवण्यावर' देता येतो.

'राजा हरिश्चंद्र'नंतर फाळक्यांनी मुक्काम नाशिकला हलवला. १९१४ मध्ये ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथेच राहून सिनेमे काढा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला. 'लंकादहन'मध्ये (१९१७) अण्णा साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले. 'कालिया मर्दन'मध्ये (१९१९) तर त्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. त्या चित्रपटाच्या सुरुवातीला नुसते तिच्या चेहऱ्यावरचे बदलते भाव दिसतात. एक शब्द नाही, तरी सगळं कळतं. पटकथा म्हणजे फक्त डायलॉग नव्हे, हे तिथे समजतं.

मग १९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि पडदा बोलायला लागला. ज्याची सगळी कमाई 'न बोलता सांगणं' ही होती, त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला आणि नंतर त्याला आवाज जोडावा लागला. 'गंगावतरण' (१९३७) हा कोल्हापुरात केलेला त्यांचा एकमेव बोलपट, आणि शेवटचाही. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्येच ते गेले, तेव्हा सिनेमाचा धंदा त्यांना जवळपास विसरला होता.

आज त्यांच्या बहुतेक चित्रपटांची रिळं उरलेली नाहीत. 'राजा हरिश्चंद्र'चेही तुकडेच बघायला मिळतात. म्हणून एक सांगतो. 'कालिया मर्दन' ऑनलाइन शोधा, मोबाइलचा आवाज बंद करा आणि दहा मिनिटं बघा. गोष्ट कळली, तर लेखक जिंकला म्हणायचं.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!