मिल्ट्रीचा कोयता ओळखायचा कसा?

जुनं लोखंड : लेखांक ६

जुन्या कोयत्याला कुणी ‘मिल्ट्रीचा’ म्हटलं की त्याचा भाव चढतो. चंद्रपूरच्या ऊर्जानगरपासून गडचिरोलीच्या जंगलापर्यंत घरोघरी दिसणारे बहुतेक कोयते मात्र लोहाराच्या भट्टीतले असतात. ट्रकच्या जुन्या पाट्याचं पोलाद त्यासाठी उत्तम, कारण ते धार धरतं आणि सहजी वाकत नाही. असा कोयता फौजी नसला म्हणून हलका ठरत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

शिक्का शोधण्याआधी पात्याची पाठ बघा. हाती घडवलेल्या पात्याची जाडी मुठीकडून टोकाकडे उतरत जाते आणि तिरप्या उजेडात हातोडीचे ठोके दिसतात. कारखान्यातलं पातं बहुधा पत्र्यातून कापलेलं, जवळपास एकाच जाडीचं असतं. लोहार पात्याचं शेपूट लाकडात ठोकून वर साम बसवतो. कारखान्यात मात्र दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावून आरपार रिव्हेट मारतात.

आता शिक्के. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाचं टोक असतं आणि हिंदुस्थान सरकारच्या मालावर त्याच बाणाखाली इंग्रजी आय. शेजारी साल असलं तर उत्तम. बाणाची खूण स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली, म्हणून नुसता बाण दिसला की ‘दुसऱ्या महायुद्धातला’ म्हणू नका. मगरीचं चित्र असेल तर पातं बर्मिंगहॅमच्या मार्टिंडेलचं. मुकुटातून वर आलेला, हातोडा धरलेला हात म्हणजे अमेरिकेतल्या कॉलिन्स कंपनीची खूण. ही कंपनी १८२६ साली सुरू झाली, १९६६ साली बंद पडली. पण दोघांनीही शेतमळ्यांसाठी भरपूर कोयते विकले. निर्मात्याची खूण आणि सैन्याची खूण वेगळी, आणि विकणारे नेमकी इथेच गल्लत करतात.

या भागात असला माल सापडणं अशक्य नाही. १९४३ साली आराकानातल्या पराभवानंतर १४व्या भारतीय डिव्हिजनला जंगलयुद्धाच्या प्रशिक्षणासाठी छिंदवाड्यात ठेवलं होतं. छिंदवाडा आणि चांदा (आजचं चंद्रपूर) तेव्हा एकाच मध्य प्रांतात. कामठीची छावणी तर १८२१ पासूनची. तरी जवळ छावणी होती एवढ्यावरून हातातला कोयता फौजी ठरत नाही. शिक्का ताजा ठोकलेला असला तर त्याच्या खाचेत गंज नसतो, कडा बोटाला टोचतात. भोवतालचं पातं झिजलेलं आणि अक्षरं कोरी, असं दिसलं की सरळ पुढच्या दुकानात जा.

आता फौजी कापडी सामानाचं थोडक्यात. १९३७च्या नमुन्याच्या पट्ट्यांवर शाईचा शिक्का आत शोधावा. त्या काळची पाण्याची बाटली इनॅमलची, बुचाला दोरी बांधलेली. १९४४च्या नमुन्यात ती ॲल्युमिनियमची झाली.

संगिनीचा प्रश्न वेगळा. शेतीचा आणि घरकामाचा कोयता शस्त्रांच्या यादीत धरत नाहीत, संगीन धरतात. ती घेण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा. जुना फौजी गणवेश अंगात घालून गडचिरोलीच्या जंगलात फिरणं तर निव्वळ मूर्खपणा. दारूगोळ्याची रिकामी पेटी घेतानाही ती खरंच रिकामी आहे का, हे बघा. आत काडतूस किंवा गोळ्याचा तुकडा दिसला तर हात लावू नका, पेटी जागेवरच ठेवून पोलिसांना कळवा.

पुढच्या आठवड्यात खुकरी.