पोरगा का प्यायला?

एका गावी आम्ही रात्रीचा वर्ग घ्यायला जात होतो. एक दिवस वर्ग सुटल्यावर एक शेतकरी मागे थांबला. म्हणाला, "गुरुजी, पोरगं नववीत हाय. परवा त्याच्या तोंडाला दारूचा वास आला. लई हाणला. काल पुन्हा तेच. आता काय करू?"

आम्ही म्हणालो, "मारलंत खरं. पण का प्यायलास, हे विचारलंत का?"

तो गप्प झाला. त्याचे एकट्याचे काय सांगावे? आपण सगळेच आधी हात उचलतो.

आम्ही पोराला जवळ बसवले. दोन दिवस तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलला. त्याची जीभ जरा अडखळते. तालुक्याच्या शाळेत तो एस.टी.ने जातो. गाडीत मोठी पोरे रोज त्याची नक्कल करीत. डब्यातली भाकरी काढून घेत. घरी सांगितलेस तर बघ, असा दम देत. एक दिवस त्यांनी बाटली पुढे केली. "मर्द असशील तर पी!" तो प्यायला. त्या दिवशी त्याला कोणी छळले नाही. म्हणून दुसऱ्या दिवशीही प्यायला.

बघा, त्याला काही दारू गोड लागली नव्हती. छळ थांबला, ते गोड लागले.

अशी मुले पुष्कळ आहेत. जाणत्या लोकांनी निरनिराळ्या देशांत शाळेतल्या मुलांची पाहणी केली आहे. ज्यांचा छळ होतो, त्यांच्यात दारूकडे वळणारी मुले जास्त दिसतात. छळणारेही जास्त पितात! छळ झालेला प्रत्येक मुलगा पितो, असे मात्र नाही. ज्याला घरी मन मोकळे करता येते, तो बहुधा सावरतो.

माणसाचा मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो. बरेवाईट तोलणारा भाग तर सर्वांत शेवटी पक्का होतो. तेवढ्यात दारू पोटात गेली तर तिची सवय लवकर जडते. घटकाभर दुःख विसरते. नशा उतरली की मन जास्तच उदास होते. मग पुन्हा बाटली.

कायदाही माहीत असावा. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे 18 वर्षांखालच्या मुलाला दारू देणे हा गुन्हा आहे. 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होतो. मुलाकडून दारूची ने-आण करविणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. पोराला बाटली आणायला धाडणाऱ्या बापांनी हे दोनदा वाचावे.

तो शेतकरी भांडायला गेला नाही. हेडमास्तरांना भेटला. त्यांनी त्या पोरांच्या आईबापांना बोलावले. कंडक्टरने मुलाला पुढच्या बाकावर जागा दिली. आम्ही मुलाला 1098 हा नंबर पाठ करायला लावला. संकटातल्या मुलाला त्यावर फुकट फोन करता येतो.

पोरगा आता दहावीत आहे. मध्ये एकदा पुन्हा वास आला. बापाचा हात वर गेला होता. तो खाली आला. बाप शेजारी बसला आणि म्हणाला, "आज गाडीत काय झालं रे?"