छर्रा सरळ जात नाही

मढीला कानिफनाथांच्या यात्रेत फुगे फोडण्याच्या टपरीपाशी दहा मिनिटं उभं राहा, एक वाक्य कानावर येणारच. "माशी वाकडी करून ठेवलीय ह्यानं!" बोलणारा गडी नुकतेच दहा छर्रे मारून दोन फुगे फोडून मागे सरलेला असतो. सोबतचे माना डोलावतात. नवरात्रात मोहट्याला जा, तिथेही हेच. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारीकसा उंचवटा. डोळ्याजवळच्या खाचेत ती बसवून नेम धरायचा असतो. अख्ख्या नगर जिल्ह्यात न लागलेल्या प्रत्येक नेमाचं खापर तिच्यावर फुटतं.

आता जरा हिशेब करू. फुग्यांची फळी साधारण ३ मीटरवर असते. खाच आणि माशी यांच्यात समजा ४० सेंटिमीटरचं अंतर आहे. माशी १ मिलिमीटर वाकडी असली, तर ३ मीटरवर छर्रा साडेसात मिलिमीटर बाजूला पडेल. फुगा असतो चौदा-पंधरा सेंटिमीटरचा. त्याच्या मधोमध धरलेला नेम फुग्याबाहेर जायचा, तर माशी जवळजवळ १ सेंटिमीटर वाकवावी लागेल, आणि एवढी वाकलेली माशी कंदिलाच्या उजेडातसुद्धा दिसेल. उलट, चाप खसकन ओढताना नळी नुसती २ अंश हलली, की छर्रा १० सेंटिमीटर दूर जातो. टपरीवाल्याला बंदूक बिघडवायची गरज पडत नाही, ते काम गिऱ्हाईकच करतं. त्या बंदुका निर्दोष असतात असं मात्र नाही. हजारो वेळा मोडून भरल्यामुळे नळीची बिजागरी ढिली झालेली असते, आणि नळी दर वेळी थोडी वेगळ्या जागी बसते. वाकडी माशी परवडली, कारण ती निदान प्रत्येक वेळी सारखीच फसवते.

स्प्रिंग छऱ्याला ढकलते, हाही असाच पक्का बसलेला समज. स्प्रिंग छऱ्याला शिवतही नाही. चाप ओढला की ती दट्ट्याला पुढे फेकते, दट्ट्या सिलिंडरमधली हवा क्षणात दाबतो, दाबलेली हवा तापते आणि ती हवा छऱ्याला नळीतून हाकलते. या भानगडीत बंदुकीला दोन धक्के बसतात. जड दट्ट्या पुढे निघाला की बंदूक मागे सरते, आणि तो शेवटी हवेच्या उशीवर आपटून थांबला की ती पुढे हिसका खाते. हे दोन्ही धक्के छर्रा नळीत असतानाच बसतात.

म्हणूनच "घट्ट आवळून धर" हा घरच्या वडीलधाऱ्यांचा सल्ला स्प्रिंगच्या बंदुकीला मारक ठरतो. आवळलेला हात दर वेळी थोडा कमीजास्त आवळतो, धक्का दर वेळी वेगळ्या दिशेनं वळतो आणि छर्रे पांगतात. डावा तळहात उघडा ठेवून बंदूक त्यावर नुसती टेकवायची, दस्ता खांद्याला अलगद लावायचा आणि तिला तिचा धक्का खाऊ द्यायचा. तोफ डागल्यावर गाड्यावर मागे सरकते, तशी. नगरच्या माणसाला तोफ परकी नाही. विजापूरच्या बुरुजावरची मुलुखमैदान १५४९ साली अहमदनगरातच, निजामशाहीत ओतली गेली.

सिलिंडरमध्ये खोबरेल सोडलं की बंदुकीची ताकद वाढते, असंही सांगणारे भेटतात. त्यात खरं एवढंच, की दाबलेल्या गरम हवेत ते तेल डिझेल इंजिनासारखं पेटतं. धूर निघतो, मोठा आवाज होतो आणि एखादा छर्रा जोरात जातो. पुढचा तसाच जाईल याची खात्री नाही, शिवाय दट्ट्याचं सील आणि स्प्रिंग खराब होतात ते वेगळंच.

मुख्य गैरसमज मात्र उड्डाणाबद्दलचा आहे. छर्रा आधी सरळ जातो आणि दमला की खाली येतो, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर नळीचं तोंड सोडल्या क्षणापासून तो पडतच असतो, हातातून सुटलेल्या गोटीसारखा. स्पर्धेची रायफल साधारण अर्ध्या ग्रॅमचा, ४.५ मिलिमीटरचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास फेकते. १० मीटर जायला त्याला ०.०६ सेकंद लागतं, आणि तेवढ्यात तो सुमारे १.८ सेंटिमीटर खाली आलेला असतो. ३० मीटरवर तर जवळपास वीतभर. तरी तो नेमावर लागतो, कारण नळी नजरेच्या रेषेच्या मानानं किंचित वर रोखलेली असते.

"आमची बंदूक छर्रा उचलते" या वाक्याचा उगमही इथेच आहे. दुर्बीण नळीच्या ४ सेंटिमीटर वर बसवली आणि २५ मीटरला नेम जुळवला, तर तीच बंदूक ३ मीटरवर सुमारे २ सेंटिमीटर खाली मारते आणि १५ मीटरवर पावणेदोन सेंटिमीटर वर. छर्रा उठलेला नसतो. तो नजरेची तिरकी रेषा खालून वर ओलांडतो आणि पुढे पुन्हा वरून खाली. दुर्बीण लावली की नेम आपोआप लागतो असं मानणाऱ्यांना उंदीर दोन पावलांवर असताना कसा चुकला हे कळत नाही, ते यामुळेच.

वेगाचं वेडही असंच. खोक्यावर जितका मोठा आकडा, तितका नेम पक्का, असं दुकानात धरून चालतात. हलका छर्रा वापरला की तो आकडा फुगवता येतो, ही एक गोष्ट. दुसरी जास्त महत्त्वाची. छऱ्याचा आकार डमरूसारखा असतो: डोकं भरीव, कंबर बारीक, मागे पोकळ घेर. जड डोकं पुढे आणि हवेला अडणारा घेर मागे, म्हणून तो बॅडमिंटनच्या फुलासारखा आपोआप तोंड पुढे ठेवतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर. छर्रा त्याच्या जवळ गेला की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि डमरू डगमगू लागतो. स्पर्धेच्या रायफली त्याच्या निम्म्याच वेगावर चालतात ते काही उगाच नाही. ऑलिंपिकची बंदूक आपल्या शेजाऱ्याच्या बंदुकीपेक्षा हळू मारते, हे सांगितलं तर शेजारी मानत नाही.

मग नळीत आतून कोरलेल्या पेचांचं काय? पेच साधारण ४५ सेंटिमीटरला एक फेरा देतात, म्हणजे छर्रा १० मीटरात बावीसेक गिरक्या घेतो. नेम पेचांमुळेच लागतो असं मानणाऱ्यानं नगरच्या रणगाडा संग्रहालयात एक चक्कर मारावी. तिथल्या विजयंता रणगाड्याच्या १०५ मिलिमीटरच्या नळीत पेच आहेत. सैन्यात त्याच्यानंतर आलेल्या टी-७२ ची १२५ मिलिमीटरची नळी मात्र आतून गुळगुळीत. तिचा बाणासारखा गोळा शेपटाच्या पंखांवर सरळ राहतो. आपला अर्ध्या ग्रॅमचा छर्रा दोन्ही युक्त्या एकदम वापरतो, गिरकी आणि शेपूट. त्यामुळे घेर चेपलेला छर्रा टाकून द्यावा. डबी पँटच्या खिशात खुळखुळवत फिरणाऱ्याचे निम्मे छर्रे नळीत जाण्याआधीच बिघडलेले असतात. टोकदार छर्रा जास्त अचूक, हेही दिसण्यावर भुलणं झालं. स्पर्धेत सपाट डोक्याचा वापरतात, कारण तो कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतो आणि गुण मोजायला वाद राहत नाही. लांबवर गोल डोक्याचा बरा.

वाऱ्याकडे आता वळू, कारण सुप्याजवळच्या पवनचक्क्या पाहिलेल्या माणसाला वारा समजावून सांगावा लागत नाही. "एवढ्याशा अंतराला वारा काय करणार?" ताशी ११ किलोमीटरची झुळूक, म्हणजे झाडाची पानं सळसळतील एवढीच, आडवी आली तर १० मीटरवर छर्रा सहा-सात मिलिमीटर सरकतो आणि ३० मीटरवर सुमारे ६ सेंटिमीटर. एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर. छऱ्याची कड त्याला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे छऱ्याचं मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवं. त्या झुळकेनं दहाचे आठ होतात. १० मीटरची स्पर्धा बंद सभागृहात का होते, याचं उत्तर यात आलं. २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत सुमा शिरूर यांनी ४०० पैकी ४०० गुण मिळवले, म्हणजे ओळीनं चाळीस छर्रे त्या अडीच मिलिमीटरच्या आत.

उंचीचंही कुणी काढतं. नगर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरवर, हवा मुंबईपेक्षा थोडी विरळ. १० मीटरवर त्यानं पडणारा फरक मिलिमीटरचा दहावा भाग. सोडून द्या.

खेळण्यातली बंदूक, तिनं काय होतंय, हा समज मात्र सोडून देण्यासारखा नाही. स्पर्धेच्या छऱ्याची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास असते. तेवढ्यात तो कातडीत सहज शिरतो आणि डोळा कायमचा जातो. छर्रा दोनशे मीटरच्याही पुढे जाऊ शकतो, म्हणून लक्ष्यामागे काय आहे ते पाहावंच लागतं. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही. परवाना लागत नाही म्हणजे शिकारीला मोकळीक, असा अर्थ काही जण काढतात. रेहेकुरी अभयारण्यातल्या काळविटाचं सोडाच, बांधावरचा ससा, होला किंवा तितर मारणं हाही १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, बंदूक कोणतीही असो. अरुणाचल प्रदेशात २०२१ पासून गावकऱ्यांनी एअरगन सरकारजमा करण्याची मोहीमच चालली, कारण तिथली पाखरं या 'खेळण्यां'नीच संपत होती.

छर्रे शिशाचे असतात. टपरीवर पोरं ते दातांत धरून बंदूक मोडतात, मग त्याच हातांनी रेवड्या खातात. मधे साबण लागायला हवा.

आणि पुढच्या यात्रेत पहिला छर्रा फुग्यावर मारू नका. दोन फुग्यांमधल्या फळीवर एक डाग निवडा, बंदूक सैल धरा, चाप सावकाश दाबा आणि आवाज झाल्यावरही क्षणभर माशी डागावरच ठेवा. छर्रा चार बोटं डावीकडे लागला, तर पुढचे नऊ चार बोटं उजवीकडे नेम धरून मारा. टपरीवाला तिसऱ्या-चौथ्या फुग्यानंतर बंदूक बदलून द्यायला येईल. घेऊ नका.