कंकणाचा निवाडा

उज्जैनच्या फ्रीगंज भागातील एका इस्पितळात, आगर-बडनगरकडून आकडी येते म्हणून आणलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या मेंदूची एमआरआय-चित्रे पडद्यावर सरकू लागतात आणि शिरेतून दिलेल्या गॅडोलिनियममुळे त्यांत एक शुभ्र कंकण उजळते, तेव्हा ते कशाचे, एवढ्याच निवाड्यावर त्या माणसाचे पुढील वर्ष अवलंबून असते. क्षयाची गाठ असल्यास अनेक महिने क्षयाची औषधे, पट्टकृमीच्या अळीचा कोष असल्यास बहुधा अल्बेंडाझोलचा अल्पसा क्रम, अर्बुद असल्यास शस्त्रक्रियेची तजवीज. वेल्लोरच्या डॉ. वेदांतम राजशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली सीटी स्कॅनवरून बांधलेला दंडक, की कंकण 20 मिलिमीटरांहून लहान आणि मेंदूची मध्यरेषा ढळलेली नसेल तर कृमिकोषाचा संभव अधिक, येथे अद्याप प्रमाण मानतात.

या कामी आता डीप लर्निंगची गणिती यंत्रणा रुजू होऊ पाहते. तिचे आरंभीचे थर चित्रातील नुसत्या कडा टिपतात, पुढचे आकार व पोत जुळवतात, आणि उत्तर चुकले की चुकीच्या प्रमाणात आतले सारे आकडे शेवटाकडून आरंभाकडे दुरुस्त होत जातात. तथापि, तत्पूर्वी कोणी जाणत्याने प्रत्येक छेदावर कंकणाची हद्द माउसने आखून त्यास नाव द्यावे लागते. आणि त्या इस्पितळातील डॉक्टरीणबाई हे काम मोजणीदाराच्या चिकाटीने करीत असताना पाहणे मला यंत्राहून अधिक नवलाचे वाटले. भोवतालची सूज हद्दीत धरावयाची नाही, आतला अळीच्या शिराचा ठिपका मात्र सोडावयाचा नाही, असा त्यांचा शिरस्ता.

खरी अडचण नावांची आहे. संशोधकांत फार वापरला जाणारा एक चिनी संग्रह 233 रोग्यांच्या 3064 चित्रांचा असून त्यात अर्बुदांचे अवघे तीन प्रकार आहेत. क्षय नाही, कृमी नाही. त्यावर शिकलेल्या यंत्रापुढे माळव्यातील कृमिकोष ठेवला, तर ते त्या तिहींपैकीच एक नाव, तेही मोठ्या खात्रीने, मुक्रर करणार. शिवाय एकाच रोग्याचे शेजारशेजारचे छेद काही शिकवणीत, काही परीक्षेत पडले, तर यंत्र रोगाऐवजी रोगीच ओळखते आणि गुण भरघोस मिळतात. असल्या टक्केवारीच्या जाहिराती मला तरी खोट्या दाखल्यासारख्या वाटतात.

"अहो, मलाच नाव ठाऊक नसतं कित्येकदा," बाई म्हणाल्या. मेंदूचा तुकडा काढून तपासण्याची पाळी क्वचितच येते. बहुतेक निदाने काही महिन्यांनी पुन्हा काढलेल्या चित्रात कंकण विरले की वाढले, यावरूनच पक्की होतात. तोवर ते प्रकरण त्यांच्या दफ्तरी 'अनिर्णित' या सदरात राहते, आणि ते यंत्रास शिकवावयास देण्याची त्यांची तयारी नसते.