जोडधंदा कोणत्या स्वरूपात चालवावा?

शेतीस जोड म्हणून कुक्कुटपालन किंवा मसाला-कांडप सुरू करणाऱ्या शेतकऱ्याने धंद्याचे कायदेशीर स्वरूप आधी ठरवावे. एकट्याची मालकी सर्वांत सुलभ. परंतु धंद्याच्या देण्यापायी मालकाची खाजगी मालमत्ताही गुंतते. १९३२ च्या कायद्याखालील भागीदारीत प्रत्येक भागीदार पेढीच्या संपूर्ण देण्यास जबाबदार असतो. शिवाय, पेढी नोंदलेली नसल्यास करारापोटीच्या येण्यासाठी तिला सामान्यतः दावा लावता येत नाही. २००८ च्या कायद्याखालील मर्यादित दायित्व भागीदारीत जोखीम बहुधा भांडवलापुरती राहते. मात्र उलाढाल नसली तरी वार्षिक विवरणपत्रे भरावीच लागतात. कर्जास वैयक्तिक हमी दिल्यास हे संरक्षणही उरत नाही. सबब, बिनकर्जी लहान धंद्यास एकट्याची मालकी पुरेशी होय. कर्ज काढण्यापूर्वी किंवा भागीदार घेण्यापूर्वी मात्र मर्यादित दायित्वाचा विचार अवश्य करावा.